चांगलं भांडण लावणारं पुस्तक

तिघीजणी आहेत. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून कुठलं पुस्तक वाचायचं हे ठरवायचंय. यादीत तीन नावं उरली आहेत: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आणि विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. वाद नको म्हणून तिघी आपापला पसंतीक्रम लिहून देतात. पहिलीचा क्रम: बनगरवाडी, युगान्त, रणांगण. दुसरीचा: युगान्त, रणांगण, बनगरवाडी. तिसरीचा: रणांगण, बनगरवाडी, युगान्त.

आता दोन-दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून मतं मोजू. बनगरवाडी की युगान्त? पहिली आणि तिसरी बनगरवाडीच्या बाजूनं, म्हणजे दोन विरुद्ध एक. बनगरवाडी जिंकली. युगान्त की रणांगण? पहिली आणि दुसरी युगान्तच्या बाजूनं. युगान्त जिंकलं. बनगरवाडी युगान्तला भारी, युगान्त रणांगणला भारी. मग बनगरवाडी आणि रणांगण यांत कोण जिंकेल हे विचारायची तरी गरज आहे का? विचारून बघाच. दुसरी आणि तिसरी, दोघींनीही रणांगण वर लिहिलंय. रणांगण जिंकलं!

हवं तर पुन्हा मोजा. चूक कुठेच नाही. आपल्याला काय आवडतं हे प्रत्येकीला नेमकं ठाऊक आहे, आणि तरीही तिघींची मिळून एक आवड म्हणून शोधायला गेलं तर ती नुसती गोल गोल फिरत राहते.

हे कोडं १७८५ साली फ्रान्समध्ये काँदोर्से नावाच्या गणितज्ञानं मांडलं. फ्रेंच राज्यक्रांती व्हायला अजून चार वर्षं होती. पुढे १९५१ साली केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं त्यावर कळस चढवला. पर्याय तीन किंवा जास्त असतील आणि लोकांनी पसंतीक्रम दिले असतील, तर अगदी साध्या, न्याय्य वाटणाऱ्या मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी मतमोजणीची पद्धत असूच शकत नाही, हे त्यानं गणितानं सिद्ध केलं. १९७२ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. देशाची निवडणूक असो की दर महिन्याची पुस्तक भिशी, गणित तेच!

तेव्हा पुस्तक निवडताना मतदान फसलं तर सदस्यांना दोष देऊ नका. प्रश्नच बदला. 'आपल्याला सगळ्यांना काय आवडेल?' याऐवजी 'कशावर आपण दोन तास मनापासून बोलू?' असं विचारून बघा. हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात. ते किती वेगळे आहेत, हे कळायला फक्त बेरीज-भागाकार पुरतो.

आठ जणांचा गट घ्या. एका पुस्तकाला आठही जणांनी पाचपैकी तीन गुण दिले. बेरीज २४, सरासरी ३. दुसऱ्या पुस्तकाला चौघांनी पाच-पाच दिले आणि चौघांनी एक-एक. बेरीज २४, सरासरी ३. कागदावर दोन्ही पुस्तकं जुळी! पण पहिल्या पुस्तकाच्या बैठकीत काय होईल? 'बरं होतं', 'हो, छान होतं', आणि मग चहा. दुसऱ्या पुस्तकाच्या बैठकीत चहा गार होईल. ज्याला पाच गुण द्यावेसे वाटले, त्याला एक गुण देणाऱ्याचं म्हणणं समजून घेतल्याशिवाय चैन पडणार नाही. सरासरी काढली की हा सगळा फरक गिळला जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गटासाठी पुस्तक शोधताना गुणांची सरासरी बघूच नये. लोकांची मतं किती लांब-लांब फाकली आहेत ते बघावं.

पण मुळात एकाच पुस्तकावर मतं इतकी फाकतात तरी कशी? अक्षरं तीच, पानं तीच, छापखाना तोच. याचं उत्तर शोधणारा एक सुंदर प्रयोग केंब्रिजमध्ये फ्रेडरिक बार्टलेट यांनी केला होता. १९३२ साली त्यांच्या पुस्तकात तो छापून आला. बार्टलेटनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली. भुतांच्या लढाईची गोष्ट, आणि इंग्रजी मनाला विचित्र वाटावी अशी. काही वेळानं, काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी त्यांनी ती गोष्ट आठवून लिहायला सांगितली. आणि गोष्ट बदलत गेली! झाडाच्या खोडाची डोंगी साधी बोट झाली. सील मारायला निघालेली माणसं मासे धरायला गेली. भुतं कधी मागे पडली, कधी गळूनच गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या जगातून सामान घेऊन ती गोष्ट नव्यानं उभी करत होता.

म्हणजे वाचताना मेंदू गोष्ट साठवत नाही, रचतो. आठ जण एक पुस्तक वाचून येतात तेव्हा त्या खोलीत आठ पुस्तकं असतात. दोघा-दोघांनी आपली पुस्तकं ताडून बघायची म्हटली तर आठ जणांत २८ जोड्या होतात. बारा जण असतील तर ६६! गट फार वाढवू नका म्हणतात त्याचं एक कारण इथे आहे. दोन तासांत आठ जणांना प्रत्येकी पंधरा मिनिटं मिळतात, बारा जणांना दहाच.

सगळीच पुस्तकं वाचकाला इतकं रचू देतात का? नाही. काही लेखक ठिपकेही काढतात, रेघाही ओढतात आणि रंगही भरून देतात. आपण फक्त रांगोळी बघायची. काही लेखक मात्र ठिपके देऊन थांबतात. जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांनी १९७०च्या दशकात यावरच सिद्धान्त उभा केला. मजकुरातल्या मोकळ्या जागा वाचकाला कामाला लावतात, आणि त्या जागा भरताना कलाकृती पुरी होते, असं त्यांचं म्हणणं.

मराठीत याचा अस्सल नमुना बघायचा असेल तर पु. शि. रेगे यांची 'सावित्री' उघडा. १९६२ सालची ही छोटीशी कादंबरी. सगळी पत्रांची, आणि सगळी पत्रं एकटीच्या हातची. सावित्री एका तरुणाला लिहिते आहे. त्याची उत्तरं? एकही नाही! तो काय लिहितो, कसा बोलतो, तिच्या एखाद्या वाक्यावर हसतो की गप्प होतो, हे सगळं तिच्या पुढच्या पत्रातून ताडायचं. पुस्तकाचा निम्मा भाग छापलेलाच नाही, आणि तरी ते अपुरं वाटत नाही. किती विलक्षण धाडस आहे हे!

आता हे पुस्तक गटात आणलं की काय होतं बघा. 'तो माणूस तुम्हाला कसा वाटला?' एवढा एकच प्रश्न विचारा. कुणाला तो समजूतदार वाटलेला असतो, कुणाला भित्रा. कुणाला वाटतं, इतक्या मोकळ्या मनाच्या मुलीला तो पेलणारच नाही. सगळे हिरिरीनं बोलतात, आणि कुणाच्याही हातात त्यानं लिहिलेली एक ओळसुद्धा नसते. मग 'तुला असं का वाटलं?' म्हणून पानं उलटली जातात. लच्छीच्या मोराची गोष्ट पुन्हा वाचली जाते, एखाद्या पत्राची तारीख तपासली जाते. कुणालाही न दिसलेल्या माणसाचं चित्र आठ जण मिळून काढू लागतात, आणि जुळत नाही म्हणून पुन्हा पुस्तकात शिरतात.

पुस्तक निवडण्याची पहिली खूण इथे सापडते. लेखकानं सांगायचं टाळलेलं पण वाचकाला ठरवावंच लागेल असं काही त्यात आहे का? 'रणांगण' त्या कसोटीला चोख उतरतं. १९३९ साली, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी ते प्रसिद्ध झालं. युरोपातून निघालेली बोट, नाझींच्या तडाख्यातून निसटू पाहणारे ज्यू प्रवासी, त्यांच्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. प्रेम जमतं, आणि मुंबई येते. तो उतरतो, ती पुढे जाते. त्यानं उतरायला हवं होतं का? पंचविशीतला वाचक आणि पासष्टीतला वाचक या प्रश्नाचं एकच उत्तर देतील, असं मला वाटत नाही.

दुसरी खूण आणखी सोपी आहे: पुस्तकात बोलतंय कोण, आणि किती जण? वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात आणि तीच कहाणी आधी एक सांगतो, मग दुसरी. निवेदक जितके जास्त तितकी 'खरं कुणाचं?' ही ओढ मोठी.

आणि आता या सगळ्याचा मुकुटमणी. वर्ष १९६७. त्या एकाच वर्षी मराठीत महाभारतावरची दोन पुस्तकं आली: शिवाजी सावंतांची कादंबरी 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे लेख, 'युगान्त'. दोन्हीत कर्ण आहे. पण हा तोच कर्ण आहे का?

'मृत्युंजय'मध्ये कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात. कर्ण स्वतः, कुंती, त्याची बायको वृषाली, दुर्योधन, भाऊ शोण आणि अखेरीस श्रीकृष्ण. सहा तोंडांनी बोलूनही पुस्तकाचा ओढा एकाच दिशेला आहे. हा सूर्यपुत्र, हा दानशूर, याच्यावर जन्मभर अन्याय झाला. शेवटाकडे येईपर्यंत वाचकाचा गळा दाटून येतो. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्या मूळ कथा हातात घेतात आणि कर्णाला कसलीही सूट देत नाहीत. भर सभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते त्या झाकत नाहीत, आणि लढायांत तो कुठे कमी पडला तेही बघतात.

त्यांच्या हाती मूळ कथा कुठून आली, ही तर आणखी थक्क करणारी हकिगत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या हस्तलिखितांचा ताळा घेण्याचं काम चालू होतं. देशभरातून जमवलेल्या पोथ्या, श्लोकागणिक तुलना, कुठली ओळ सगळीकडे आहे आणि कुठली नंतर कुणी घातलेली दिसते याची नोंद. संपादक वि. स. सुखटणकर वाटेत गेले, त्यांच्या मागून इतरांनी काम पुढे नेलं. १९६६ साली ही चिकित्सक आवृत्ती पुरी झाली. सत्तेचाळीस वर्षं! 'युगान्त' या आवृत्तीच्या आधारानं लिहिलेलं आहे.

आणि आता एक प्रश्न. द्रौपदीनं स्वयंवरात कर्णाला 'सूतपुत्राला वरणार नाही' असं सांगून नाकारलं, हे तुम्हाला आठवतं ना? सिनेमात पाहिलंय, आजीकडून ऐकलंय. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत तो नकार नाही. मोजक्याच हस्तलिखितांत तो सापडला, म्हणून त्याची रवानगी तळटिपेच्या रकान्यात झाली. कर्णावरच्या अन्यायाची जी घटना आपल्याला सगळ्यांत पक्की पाठ, तिच्याच पायाखालची जमीन सरकते. बार्टलेटच्या वाचकांनी काही महिन्यांत जे केलं, ते आपण सगळ्यांनी मिळून शेकडो वर्षं करत आलो नाही का?

गटात 'युगान्त' आणलं की हमखास कुणीतरी दुखावतं. मला ते फार मोलाचं वाटतं. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, ही शंका इरावतीबाई शांतपणे पुढे ठेवतात आणि पुरावे मांडतात. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचं चित्र मात्र त्या स्वतःच्या कल्पनेनं रंगवतात आणि हा भाग आपला आहे हे वाचकाला सांगतात. पुरावा कुठे संपला आणि कल्पना कुठे सुरू झाली, ही सीमारेषा पुस्तकातच आखलेली आहे. वाद घालणाऱ्याला याहून चांगली सोय कोण करून देईल?

पण चांगलं पुस्तक निवडलं म्हणजे चांगली चर्चा झालीच, असं नसतं. इथे माणसांच्या घोळक्याचा एक चमत्कारिक स्वभाव आडवा येतो. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघांनी १९८५ साली तो प्रयोगातून दाखवला. विद्यार्थ्यांच्या गटांना काल्पनिक उमेदवारांमधून एक निवडायचा होता. उमेदवारांची काही माहिती सगळ्यांना दिली होती, काही माहिती एकेकट्यालाच. सगळ्यांनी आपापल्या जवळचं सांगितलं असतं तर योग्य उमेदवार सहज कळला असता. पण बोलणं फिरत राहिलं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवती. एकट्यापाशी असलेलं सोनं एकट्यापाशीच राहिलं.

वाचक गटातही अगदी हेच होतं. सगळ्यांनी वाचलेल्या प्रसंगावर सगळे बोलतात, आणि ज्याच्याजवळ वेगळं काही आहे तो ऐकत बसतो. म्हणून पुस्तक असं हवं की प्रत्येकाच्या गाठीचं काहीतरी त्यात उपयोगी पडेल. 'बनगरवाडी' घ्या. १९५५ सालची ही कादंबरी. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळ्या वयाचा मास्तर, त्याला सांभाळून घेणारा कारभारी. मास्तर गावाला कामाला लावतो, वाडीत तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. तालीम तिथेच उभी.

मास्तराचे कष्ट फुकट गेले का? शिक्षकी पेशातली बाई याचं उत्तर एक देईल. ज्याचं लहानपण दुष्काळी तालुक्यात गेलं, तो दुसरंच सांगेल, आणि गाव सोडताना घरात काय काय मागे ठेवलं जातं हे त्याला पुस्तकाच्याही पलीकडे माहीत असेल. बांधकामातला माणूस विचारेल, श्रमदानानं बांधलेली भिंत माणसं धरून ठेवते की पाणी? पुस्तक एकच, पण त्यात शिरायचे दरवाजे किती! नाव सुचवण्यापूर्वी आपल्या गटात कोण कोण बसतं ते डोळ्यांसमोर आणा आणि या पुस्तकात त्यांच्यापैकी कुणाला असं काही दिसेल जे बाकीच्यांना दिसणार नाही, हे स्वतःला विचारा.

आणखी एक अडचण: बहुमताचा दाब. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१च्या सुमारास अमेरिकेत साध्या रेघा दाखवून प्रयोग केले. कुठली रेघ दिलेल्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि डोळ्यांना लख्ख दिसत असूनही लोक कितीतरी वेळा त्यांच्या मागे जात. मग अ‍ॅशनी खोलीत बरोबर उत्तर देणारा एकच माणूस घातला आणि हा दाब झपाट्यानं उतरला. एकच माणूस! रेघेच्या लांबीबद्दल असं होतं, तर 'सगळ्यांना भावलेली कादंबरी मला खोटी वाटली' हे म्हणायला किती बळ लागत असेल?

त्यावर उपाय सोपा आहे. बैठक सुरू होण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं मत दोन ओळींत लिहून ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. लिहिलेलं मत सहसा वाऱ्याबरोबर फिरत नाही.

बाकीचं व्यवहाराचं. तीनशे पानांचं पुस्तक महिन्यात वाचायला रोज दहा पानं पुरतात. त्याहून जाड असेल तर दोन महिने द्या किंवा एकच भाग ठरवून घ्या. 'मृत्युंजय' अख्खं एका महिन्यात सगळ्यांकडून वाचून होणार नाही. पुस्तक छापात आहे ना, आठ प्रती मिळतील ना, हे नाव सुचवण्याआधी बघा. दुकानात मिळालं नाही तर गावातल्या ग्रंथालयात विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, पुण्याचं नगर वाचन मंदिर त्याच्याही आधीपासून, १८४८ पासून. गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान देणारा महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा, योगायोग बघा, १९६७चाच.

पुढच्या वेळी नाव सुचवायची पाळी तुमची असेल तर एक करून बघा. 'युगान्त'मधलं कर्णावरचं प्रकरण आणि 'मृत्युंजय'मधला वृषालीचा भाग, दोन्ही एकाच बैठकीसाठी द्या. आणि ज्याचं मत बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं निघेल, त्याला सगळ्यांत आधी बोलायला सांगा.